मासेमारी बंद, मांजर चालू

रसिक : हर्णै बंदरावर शेपटीचं टोक तुटलेली एक कबरी मांजरी आहे. तिला एकदा बघायला हवं तुम्ही. होड्यांतून उतरलेली मासळी बैलगाड्यांवर चढून वाळूकडे यायला लागली, की ही आधीच जागा धरून बसलेली असते. ती पापलेट-सुरमईच्या टोपल्यांजवळ जात नाही, तिथं माणसांचे पाय असतात आणि शिव्या असतात. ती बसते बारीक मासळी निवडणाऱ्या बाईच्या पाठीमागे, कारण निवडताना हातून निसटतं ते तिथंच. मांदेली मिळाली की गाडीच्या चाकाआड जायचं, डोक्याकडून सुरुवात करायची, शेपटीपर्यंत संपवायची. मागं खवलंसुद्धा राहत नाही. शिंगाळ्याला मात्र तोंड लावत नाही, त्याच्या काट्याचा दंश काय असतो ते तिला ठाऊक आहे. विषारी केंडाकडे तर ढुंकूनही बघत नाही. वैशाखात वाळू तापून लाही होते, तेव्हा गोडं पाणी कुठलं? बर्फ घातलेल्या क्रेटांखालून जी धार लागते, तिथं ती जीभ लावते. थंडीत नुकत्याच येऊन थांबलेल्या टेम्पोच्या इंजिनाखाली ऊब घेते. पावसात झापांनी शाकारलेल्या होडीच्या पोटाखाली कोरडी राहते. भरती कधी, सुकती कधी, उधाण कधी, सगळं तिच्या अंगात मुरलेलं आहे. ती कुणी पाळलेली नाही आणि कुणाची मिंधीही नाही.

शंकेखोर : मिंधी कुणाला म्हणायचं, तेच मला आता कळेनासं झालं. लिलावाची वेळ व्यापाऱ्यांनी ठरवलेली, बर्फ कारखान्यातला, टेम्पो घाटावर जाणारा, होडी माणसाची, तिच्यावरचे झापही माणसानं विणलेले. तुमच्या कबरीच्या बारा महिन्यांतून माणूस वजा करा आणि काय उरतं ते सांगा. वजाबाकीसाठी कल्पना लढवायचीही गरज नाही, ती सरकार दरवर्षी करून दाखवतं. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस, आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारी बंद. मासळीचा विणीचा हंगाम असतो आणि दर्याही खवळलेला असतो. बिनयंत्राच्या लहान होड्यांना मुभा आहे, पण आषाढातल्या लाटांवर त्या किती आत जाणार? म्हणजे ३१ मेपर्यंत जिथं माशांचे ढीग, तिथं चार दिवसांत नुसती ओली वाळू, उलट्या टोपल्या आणि कावळे. लिलाव नाही, निवडणारी बाई नाही, क्रेटही नाहीत. तुमच्या स्वयंभू मांजरीच्या पोटाचा निर्णय एका सरकारी आदेशात झालेला असतो. तिला ऋतू कळतात म्हणता. तिला मच्छीमार सोसायटीचं वेळापत्रक कळतं, इतकंच.

रसिक : मग तेच वेळापत्रक कोळ्यालाही लागू आहे की! त्यालाही त्या दोन महिन्यांत उत्पन्न नाही. तो आगोटीची बेगमी करतो, सुकट आणि सुके बोंबील डब्यात भरतो, उधार-उसनवार करतो आणि नारळी पुनवेची वाट बघतो. त्याला तुम्ही मिंधा म्हणत नाही, दर्यावर्दी म्हणता. तीच मेहेरनजर मांजरीवर का नाही? जगात माणसाला वजा करून जगणारा प्राणी आता उरलाय कुठं? आणि मांजराची तर गोष्टच वेगळी. ते जगभर पसरलं ते बहुतेक गलबतांतून. धान्याच्या गोण्या, त्यांच्यामागे उंदीर आणि उंदरांमागे मांजर, अशी ती वरात बंदराबंदरांतून उतरत गेली. तेव्हा बंदर ही मांजरासाठी उपरी जागा नव्हे. वाघाला जसं रान, तसं मांजराला बंदर. तिचं शरीर बघा. मूळ कोरड्या प्रदेशातल्या रानमांजराचं रक्त, त्यामुळे मूत्रपिंडं अशी की थेंबन् थेंब पाणी राखतात. १९५९ मध्ये एका प्रयोगात मांजरांना प्यायला चक्क समुद्राचं पाणी देऊन पाहिलं, आणि त्यावरही त्यांच्या शरीरांनी पाण्याचा तोल सांभाळला. तुम्ही-आम्ही ते प्यालो तर तहान भागायच्या ऐवजी वाढत जाऊन मरू. किनाऱ्यावर राहायला जी तयारी लागते, ती तिच्याजवळ जन्मजात आहे. बाकीची ती कमावते.

शंकेखोर : कमावते, हा शब्द धरून चालू. केंड खाऊ नये हे तिनं कसं कमावलं? तुम्हाला वाटतं, तिनं ओळखलं, पारखलं आणि सोडून दिलं. असेलही. पण दुसरीही शक्यता आहे, आणि ती तुम्ही मोजतच नाही. ज्यांनी केंड खाल्लं, ती मांजरं तुम्हाला दाखवायला कोण आणणार? ती वाळूवर आडवी झाली, रात्रीच्या भरतीत गेली किंवा कुत्र्यांनी ओढून नेली. तुम्हाला दिसतं ते उरलेलं मांजर. उरलेल्याकडे बघून आपण म्हणतो, वा, काय हुशारी! चाळणीत वर राहिलेल्या दाण्याला आपली जात मोठी वाटावी, तसं आहे ते. आता आकड्यात बोलतो. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात भटक्या मांजरांच्या पिल्लांवर नजर ठेवली गेली, २००४ मध्ये तो अभ्यास छापून आला. १६९ पिल्लं होती. सहा महिने व्हायच्या आत त्यांतली १२७ मेली किंवा बेपत्ता झाली. चारांतली तीन! मृत्यूचं कारण कळलं त्यांत सगळ्यांत जास्त होती मारामारी आणि अपघात, म्हणजे कुत्री, गाड्या वगैरे. तिथं तर आपल्यासारखा पाऊसही पडत नाही. हर्णैचं गणित याहून सुखाचं असेल असं मानायला मला कारण दिसत नाही. तेव्हा तुम्ही जिचं कौतुक करता ती एक मांजरी म्हणजे चौघांतली उरलेली एक. आणि गंमत अशी, की दर दोन-तीन वर्षांनी बंदरावर कबरी मांजर वेगळंच असतं; आपण आपलं तेच आहे समजून ओळख देत राहतो.

(या आकड्यानंतर रसिक गप्प बसेल असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही. बहुधा आकड्यांनी गप्प होणारी माणसं मांजराच्या नादी लागतच नसावीत.)

रसिक : तिचं शेपूट तुटलेलं आहे, त्यामुळे ती तीच आहे एवढं मला नक्की माहीत आहे. पण तुमचा मुद्दा मी टाळत नाही. चारांतली तीन जातात हे खरं मानलं, तरी उरलेल्या एकीच्या अंगी काही नसतं असं कुठं सिद्ध होतं? लॉटरीत एकदा नशीब लागतं. हिचं रोज संध्याकाळी लागतं, वर्षभर लागतं. तिला नुसतं उरलेली म्हणणं हाही आळसच झाला. तुम्ही पावसाळ्यात वाळू रिकामी असते म्हणालात. तुमचं लक्ष वाळूवरच आहे, म्हणून रिकामी दिसते. बंदी लागली की बोटी वर ओढतात, जाळी धुऊन-वाळवून खोपटात रचतात. त्या जाळ्यांना महिनोन् महिन्यांचा मासळीचा वास असतो. उंदीर त्या वासावर येतात आणि नायलॉन कुरतडतात. एक मोठं जाळं कुरतडलं गेलं तर ऐन हंगामाच्या तोंडावर केवढ्याचा फटका, हे कोळणीला विचारा. म्हणून तीच बाई, जी लिलावात मांजराला हाडहाड करते, आषाढात खोपटाचं दार चार बोटं उघडं ठेवते. आणि एखाद्या संध्याकाळी जेवणातला बोंबलाचा तुकडा त्या फटीतून आत जातो. आता सांगा, कोण कुणाचं मिंधं? त्याशिवाय खाडीकडे चिखलात निवट्या असतात, पावसाचे बेडूक असतात, पडक्या भिंतींतून पाली-सरडे असतात. मी तिला सुकतीला खडकांच्या खाचेत पंजा घालून बसलेली पाहिली आहे. खेकड्याची नांगी उघडी दिसली की पंजा मागं, मिटली की पुढं. पाण्याचा तिटकारा असलेलं जनावर अंगावर तुषार घेत तिथं बसतं, कारण त्या दिवशी दुसरं काही नसतं.

शंकेखोर : त्या दाराच्या फटीवर तुम्ही माझं मन वळवणार असं दिसतं. पण उंदरांचं एवढं सरळ नाही. ब्रुकलिनमध्ये कचऱ्यावर प्रक्रिया करणाऱ्या एका कारखान्यात संशोधकांनी कॅमेरे लावले. उंदीर भरपूर, भटकी मांजरंही होती. ७९ दिवसांत मांजरांनी उंदरांवर झडप घातली ती तीनदा, आणि मारले दोन. मोठ्या घुशीच्या वाटेला मांजर सहसा जात नाही. त्याला सरडा, पक्ष्याचं पिल्लू, चिचुंद्री असलं हलकं काम बरं वाटतं. आणि हलक्या कामाचा हिशेब कुणी ठेवत नाही. मॅरियन बेटाचं ऐकलंय? दक्षिण हिंदी महासागरात आहे. तिथल्या हवामानकेंद्रावर उंदीर झाले म्हणून १९४९ मध्ये पाच मांजरं नेली. सत्तरच्या दशकात त्यांची तीन हजारांवर झाली आणि वर्षाला साडेचार लाखांच्या घरात समुद्रपक्षी फस्त होऊ लागले. शेवटचं मांजर संपवायला १९९१ उजाडलं. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या प्रजातींच्या यादीत पाळीव मांजर आहे, ते उगाच नाही. हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यावर उत्तरेकडून हजारो कुरव येतात, तुतारीसारखे छोटे किनारपक्षी येतात. तुमच्या कबरीच्या पंज्याखाली त्यांतले किती जातात ते कुणी मोजलंय?

रसिक : कुणी मोजलेलं नाही, म्हणजे तुम्हीही नाही. मॅरियन घेऊन हर्णैला येऊ नका. त्या बेटावर जमिनीवरचा शिकारी मुळात नव्हताच. तिथले पक्षी बिळांत घरटी करत, आणि मांजराला घाबरायचं कशाला हे त्यांच्या पिढ्यांना माहीतच नव्हतं. कोकणात मुंगूस आहे, कोल्हा आहे, रानमांजर आहे, घार आहे. इथल्या पक्ष्याला अंडं फुटल्यापासून मान वळवून बघायची सवय असते. आणि मॅरियनची पुढची गोष्ट तुम्ही सोडलीत. मांजरं संपली, उंदीर राहिले. आज ते उंदीर अल्बट्रॉसच्या पिल्लांना जिवंत कुरतडतात. एक दोरा ओढला की दुसरीकडे उसवतंच. ब्रुकलिनचंही तेच. मांजरांनी दोनच उंदीर मारले खरे, पण मांजर आसपास असलं की उंदीर बाहेर दिसेनासे होत, हेही त्याच अभ्यासात आहे. कोळणीला मेलेले उंदीर मोजायचे नाहीत. तिला जाळ्यावर उंदीर नको आहेत.

शंकेखोर : बरं, हे घेतलं. मॅरियन सोडून देतो. उंदरांची भीती तुमच्या खात्यात जमा. पण मग तुम्ही ज्या प्रश्नाला बगल देताय तो काढतो. गेल्या पावसाळ्यात तुम्ही तिला खायला घालत होतात.

रसिक : घालत होते. रोज नाही.

शंकेखोर : रोज असो की नसो. बंदरावर मांजरं किती राहणार हे हिवाळ्यातला सुकाळ ठरवत नाही, हे दोन महिने ठरवतात. पौष-माघात पन्नास मांजरं जगतील एवढं पडलेलं असतं. आषाढात दहांचं भागतं. म्हणून बंदरावर दहा-बारा असतात. ही क्रूर गोष्ट आहे, पण तो कुणाचा दुष्टपणा नाही. आता तुम्ही येता, वाटीत भात-मासळी कालवून ठेवता. आषाढात दहांच्या जागी वीस उरतात. पुढे मासे येतातच. मांजरीला दिवस जातात ते नऊ आठवडे, आणि आपल्याकडे थंडीत दिवस फारसे लहान होत नाहीत, त्यामुळे थंड मुलखातल्यासारखी लांब विश्रांतीही नसते. वर्षाला दोन वेत सहज होतात. पुढल्या जूनला साठ तोंडं उभी, आणि तुमची वाटी तेवढीच. तुम्ही तिघांचं मरण वाचवलं असं तुम्हाला वाटतं. तुम्ही ते एका वर्षानं पुढं ढकललंत, आणि ढकलताना वाढवलंत. त्यात मार्चअखेर गाभण राहिलेली मांजरी विते नेमकी बंदीच्या तोंडावर. पिल्लांना पाजताना तिला एरवीच्या दुप्पट-तिप्पट खाणं लागतं, आणि लागतं ते बरोबर त्या ६१ दिवसांत. डोळे चिकटलेली ती पिल्लं मी होडीखाली पाहिली आहेत. पागोळ्यांचं पाणी सरकत त्यांच्यापर्यंत आलेलं होतं. त्यांतलं एकही तुमच्या वाटीपर्यंत पोचलं नाही. पोचली ती त्यांची आई.

रसिक : आणि आई पोचली तेव्हा मी तिला काय सांगायला हवं होतं? की बाई, सरासरीचा विचार करता तू परत जा? भूक लागते ती एका पोटाला, सरासरीला लागत नाही. तुमचं गणित मला पटतं. तरी त्यातला पहिला धडा असा निघतो की उपासमार हीच उत्तम व्यवस्था, तेव्हा तिच्यात हात घालू नका. हे वाक्य माणसांबद्दलही बोललं गेलं आहे, आणि बोलणारे नेहमी पोटभर जेवलेले होते. शिवाय उपाय नाही असं थोडंच आहे? नसबंदी आहे. पकडा, शस्त्रक्रिया करा, ओळखीसाठी कानाचं टोक छाटा आणि जिथून उचललं तिथंच सोडा. मुंबईत महापालिका भटक्या मांजरांची करते. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांत भटक्या प्राण्यांना खायला घालायची सोय कुणी करावी, तेही लिहून ठेवलं आहे.

शंकेखोर : लिहिलंय ना, रहिवासी संघानं, इमारतीतल्या मालकांच्या संघटनेनं किंवा स्थानिक संस्थेच्या प्रतिनिधीनं. बंदरावर इमारत कुठली आणि रहिवासी संघ कुठला? राहिली ग्रामपंचायत. तिच्या सभेत मांजराचा विषय काढा आणि मग मला भेटा. पण ते जाऊ दे, गैरसोयीचं कारण मी पुढं करत नाही. धरून चाला की सगळं जमलं. हर्णैची झाडून सगळी मांजरं कान कापून परत आली, तुमची वाटीही वर्षभर चालू राहिली. आठ-दहा वर्षांनी काय दिसेल? थोडी म्हातारी, गुबगुबीत, वाटीची वेळ ओळखणारी मांजरं. खडकात पंजा घालून खेकड्याशी झुंजणारी कबरी तुम्हाला दिसणार नाही. तुम्ही मघाशी ज्या हुशारीवर लट्टू झालात, ती हुशारी त्या १२७ पिल्लांच्या मरणातून घडते. दुष्काळ नसता तर तुमच्या मांजरीला चाकाआड जाऊन मांदेली खायचं कारणच नव्हतं. तुम्हाला तिचं कौतुकही करायचंय आणि तिची कीवही करायचीय. ज्या भुकेनं तिला घडवलं, ती भूक काढून घ्यायचीय आणि घडण तशीच राहायला हवीय. हे कसं जमायचं?

रसिक : हे मात्र मला लागलं. थांबा, विचार करून बोलते. … खरं आहे, दोन्ही हवंय. पण ही ओढाताण माझी एकटीची नाही. दर्यावर्दी कोळ्याच्या धाडसाचं आपण कौतुक करतो आणि त्याच्या पोराला नोकरी लागली की पेढेही खातो. त्या पोराला उद्या वाऱ्यावरून वादळ ओळखता येणार नाही, म्हणून कुणी त्याला शाळेतून काढत नाही. एखादं कसब दुःखातून आलं असेल, तर ते कसब टिकवायला दुःख राखून ठेवायचं, हे मला कधीच मान्य होणार नाही. मांजर बंदरावरची शोभा म्हणून नाही. ते जर पुढं गुबगुबीत आणि मठ्ठ झालं, तर माझ्या डोळ्यांचं सुख कमी होईल, त्याचं नाही.

शंकेखोर : म्हणजे मघापासून केलेली स्तुती तुम्ही मागं घेता?

रसिक : स्तुती नाही घेत. तिच्यावरून काढलेला निष्कर्ष घेते. ती कुणाची मिंधी नाही असं मी सुरुवातीला म्हणाले, त्यात माझी सोय होती. मिंधी नाही म्हटलं की आपली जबाबदारी संपते. आता तुम्हीही तुमचं काहीतरी मागं घ्या. तुम्ही म्हणालात, बंदी हा कुणाचा दुष्टपणा नाही, आषाढात दहांचं भागतं म्हणून दहा राहतात. जणू ते निसर्गानं ठरवलेलं आहे! पण तुम्हीच पहिल्यांदा सांगितलंत की ते ६१ दिवस सरकारी आदेशातून येतात, आणि पौषातला सुकाळ तुमच्या ट्रॉलरमधून. सुकाळ माणसाचा, दुष्काळही माणसाचा, आणि मधला हिशेब तेवढा निसर्गाचा?

शंकेखोर : … दुष्काळ पूर्वीही होता. बंदी नव्हती तेव्हाही पावसाळ्यात गलबतं किनाऱ्यालाच असत. पण सुकाळ एवढा नव्हता, हे मानतो. यांत्रिक नौकांनी पौष फुगवला, मांजरं त्या मापानं वितात आणि आषाढ जुन्याच मापाचा राहतो. म्हणजे मरणारी पिल्लं आपल्याच हिशेबातली तूट आहे म्हणा. ठीक. तूट आपली असेल, तर ती भरायची कशी? वाटीनं भरत नाही, हे मी सांगून झालंय.

रसिक : कात्रीनं भरेल, हे मी सांगून झालंय.

शंकेखोर : मग वेळ सांभाळा. पकडायचं ते पावसाच्या आधी, मेच्या मध्यात. पिंजरा मी कुठून तरी मिळवतो, तालुक्याच्या गावी न्यायला गाडीही बघतो. पण मेच्या मध्यात तुमची कबरी बहुतेक पोटुशी असेल. डॉक्टर गाभण मांजरीचीही शस्त्रक्रिया करतात, पण पोटातल्या पिल्लांसकट. आणि आधी त्या जाळीवाल्या कोळणीला विचारायला हवं, कारण ऐन पावसाच्या तोंडावर खोपट आठ दिवस मांजराशिवाय राहिलेलं तिला चालेल का, हे तुम्ही-मी ठरवणारे कोण?

रसिक : तिला मी विचारलंय. ती म्हणाली, मांजर माझं नाही, तुम्हाला काय करायचं ते करा. आणि दुसऱ्या वाक्याला म्हणाली, पण विऊ देत आधी.

शंकेखोर : बघा. मग पिंजऱ्यात आली आणि पोट दिसलं तर दार उघडायचं की नाही, ते घरून ठरवून या. तिथं ठरवू म्हणालात तर तुम्ही उघडणार.

रसिक : उघडीनही. आणि उघडलं, तर जूनमध्ये पाऊस लागल्यावर त्या चार-पाच तोंडांचं काय करायचं ते विचारायला तुमच्याच दारात येईन. तेव्हा आकडे सांगू नका. होडीखाली हात घालायला बरोबर चला.